एकशिंग्याचं दावं

आमच्या जनावरांच्या आसऱ्याच्या अध्यक्षांनी एका बैलाला फसवलं, एका बाईला फसवलं आणि मला फसवलं. बैल मुका होता. बाई त्या दिवशी तिथं नव्हती. मी मात्र समोर उभा होतो, डोळे उघडे ठेवून. भूमच्या बाजारात मी आयुष्यभर जनावरांची दलाली केली. रुमालाखाली हात घालायचा, समोरच्याची बोटं धरायची, बोटांवर भाव सांगायचा, तोंडातून आकडा काढायचा नाही. या धंद्यात मी काहीच नसताना उभा राहिलो. बापाकडून मिळाली ती एक काठी. समोरच्याच्या बोटाला घाम सुटला की तो किती चढेल हे मला कळायचं. अशा माणसाला भर दुपारी, गोठ्यात, गोड बोलून फसवलं. आणि त्या कामाला माझेच हात वापरले.

पण आधी दवाखान्याचं सांगतो. आता तिथं कुलूप आहे, आणि मी सांगितलं नाही तर कुणी सांगणार नाही.

भूमहून ईट गावाकडं निघालं की थोड्या अंतरावर माळ लागतो. त्या माळावर तारेच्या कुंपणात हा आसरा. सोडून दिलेल्या गाई, गाडीखाली आलेली कुत्री, म्हातारी गाढवं, सगळी तिथं. कुंपणाच्या एका कोपऱ्यात पत्र्याची खोली, तोच दवाखाना. आत एक टेबल होतं. टेबल म्हणजे कुणाच्या तरी जुन्या घराचं दार, त्याला खालून पाय ठोकलेले. कडीचं भोक अजून तसंच होतं. कुत्र्याला आडवं केलं की त्याची शेपटी हटकून त्या भोकापाशी यायची. फिनेलचा वास, आयोडिनचा वास, ओल्या केसांचा वास आणि त्यात कोपऱ्यातल्या स्टोव्हवर उकळणारा चहा. आज कुठं फिनेलचा वास आला तरी मला चहाची तल्लफ येते.

गुडघे गेल्यावर मी बाजार सोडला. घरी बसून करायचं काय? सुनेनं भाजी आणली की मी भाव विचारायचो आणि तिला सांगायचो की तू फसलीस. आठ दिवसांत सून माझ्याशी बोलेना. अशात आमच्या दारातलं कुत्रं ट्रॅक्टरच्या चाकाखाली आलं. पाय मोडला. कुणीतरी म्हणालं माळावर दवाखाना आहे, म्हणून पोत्यात घालून नेलं.

तिथली डॉक्टरबाई वयानं माझ्या मुलीएवढी. तुळजापूरच्या पुजाऱ्यांच्या घरातली. बोलणं स्वच्छ, हात भराभर चालणारे. मी पोतं खाली ठेवलं आणि निघालो, तर म्हणाली, "काका, कुठं निघालात? मदतनीस आलेला नाही. धरा याला."

"म्या बैल धरतो बाई. कुत्रं न्हाय धरत."

"दोघांनाही मानच असते. धरा."

मी धरलं. कुत्र्यानं माझ्या अंगठ्याला चावा घेतला. बाईंनी आधी कुत्र्याचा पाय बांधला, मग माझा अंगठा धुतला. दुसऱ्या दिवशी मी माझा अंगठा दाखवायला गेलो. तिसऱ्या दिवशी दाखवायला काही नव्हतं, तरी गेलो.

बाजारातले जुने सोबती हसले. "फुकट? तू? आन् फुकट?" एकानं तर डॉक्टरबाईंना माझ्यासमोरच सांगितलं, "ह्याच्यावर नजर ठेवा बाई, ह्यो फुकट कायबी करत न्हाय." खोटं नव्हतं. मी फुकट काही केलेलं नव्हतं. म्हणून तर मलाच नवल वाटायचं, की सकाळी आठच्या आत मी तिथं कसा पोचतो.

मदतनीस तेरखेड्याचा. फटाक्यांच्या कामात उजव्या हाताची दोन बोटं गमावली, मग ते काम सोडून इकडं आला. पन्नाशीचा, बारीक अंगाचा, चेहऱ्यावरची रेघ न हलवता चेष्टा करणारा. मी म्हणायचो, "तुझ्याशी रुमालाखाली सौदा करायचा म्हंजे अवघडच." तो म्हणायचा, "अवघड काय? तुमी पाच बोटं धराया गेलात तर तीनच घावतील. फायदा तुमचाच."

जनावर धरणं हे कसब आहे. जोर लावून धरलं की जनावर दुप्पट जोर लावतं. कुत्र्याच्या तोंडाला पट्टीचा वेढा घालून गाठ कानामागं मारायची, शेळीला दोन्ही गुडघ्यांत घ्यायचं, गाढवाचा कान चोळत राहायचं. यातलं कुत्र्याचं बाईंनी मला शिकवलं. आणि बोलत राहायचं, हे माझं स्वतःचं. मी जनावराशी सौदा करायचो. "एकच सुई. ठरली म्हंजे ठरली. दुसरी दिली तर माझं नाव बदल." बाई सुई भरता भरता म्हणायच्या, "दोन आहेत, काका." मी म्हणायचो, "दीडवर बघा की." त्या म्हणायच्या, "औषधात घासाघीस नसते." मग मी त्या जनावराच्या कानात सांगायचो की बाई ऐकत नाहीत, माझा इलाज नाही.

आषाढात एका सकाळी फाटकाला बैल बांधलेला दिसला. खिलार, उंच, पांढरा, पण उजवं शिंग कलंडलेलं. डोकं एका बाजूला झुकवून उभा. उजव्या नाकपुडीतून रक्ताचा बारीक ओघळ. बाई आत हातमोजे शोधत होत्या. मी लांबूनच म्हणालो, "शिंगाचा कॅन्सर हाय."

"तुम्हाला कसं कळलं?"

कसं कळलं ते मी त्यांना तेव्हा सांगितलं नाही, इथं सांगतो. असा बैल मी एकदा विकलेला आहे. गिऱ्हाईक यायच्या आधी ओल्या फडक्यानं नाक पुसायचं आणि शिंगाला तेल लावून बैल अशा अंगानं उभा करायचा की कल दिसू नये. मी नाक पुसलेलं आहे. तेव्हा फसवणूक म्हणजे काय, हे मला कुणी शिकवायला नको.

त्या बैलाच्या गळ्यात दावं होतं. अंबाडीच्या वाखाचं, घरी वळलेलं, टोकाला लाल चिंधीची गाठ. मी मदतनिसाला म्हणालो, "ह्यो टाकलेला न्हाय. ठेवलेला हाय."

बाईंना ते समजावून सांगावं लागलं. आमच्याकडं जनावर विकलं तर दावं देत नाहीत. दावं सोडून घरी न्यायचं, कारण गोठ्याची लक्ष्मी दाव्याबरोबर जाते. घेणारा आपलं नवं दावं घेऊन येतो, ते गळ्यात घालतो, मग विकणारा आपलं जुनं काढून घेतो. ही अदलाबदल झाली की सौदा संपला. पावतीपेक्षा ती पक्की. या बैलाच्या मालकानं मात्र घरचं दावं गळ्यात ठेवून त्याला आमच्या फाटकाला बांधलं होतं. म्हणजे विकायचा नव्हता आणि सोडायचाही नव्हता. बरा करा, मी न्यायला येईन, असा निरोप होता तो.

"मग चिठ्ठी तरी लिहायची," बाई म्हणाल्या.

"लिवली की," मदतनीस दाव्याकडं बोट दाखवून म्हणाला. "ही काय."

बैल पाडायचं काम माझं. नाल मारताना पाडतात तसा दोराचा वेढा अंगाभोवती घेतला, मागं ओढत गेलो, आणि एवढं मोठं जनावर हळूच बसलं, मग कुशीवर झालं. बाई बघत राहिल्या. त्या दिवशी प्रथमच त्या म्हणाल्या, "वा, काका." साठी ओलांडलेल्या माणसाला 'वा' म्हणणारं जगात फार कुणी उरत नाही. डोळा आणि शिंग यांच्या मध्ये त्यांनी बधिर करायची सुई दिली आणि तारेनं शिंग मुळापासून कापलं. मी मान धरून बसलो होतो. जळक्या केसासारखा वास सुटला होता. शिंग सुटून मातीत पडलं आणि बैलानं एक लांब श्वास सोडला, माझ्या तोंडावर. त्यात रक्त होतं आणि कडब्याचा वासही होता.

शिंगाच्या जागी खड्डा राहिला, आत खोल, डोक्याच्या पोकळीपर्यंत. रोज सकाळी तो धुवायचा, औषधात भिजवलेली पट्टी आत भरायची, माशी बसू द्यायची नाही. माशी बसली की अळ्या, आणि अळ्या झाल्या की बैल गेला. बाईंनी एकदाच सांगितलं होतं, "भोक बुजेपर्यंत याला धूळ नको, ऊन नको, काम नको. नाहीतर आपण केलेलं सगळं वाया." आधी आत अख्खं लिंबू मावलं असतं, मग अक्रोड, मग सुपारी. मी रोज बघायचो. नातवाची उंची भिंतीवर मोजतात तसं.

पोळ्याला मी घरून हिंगूळ आणला आणि त्याचं राहिलेलं डावं शिंग रंगवलं. मदतनिसानं उजव्या बाजूच्या पट्टीवर झेंडूचं फूल खोचलं. बाईंनी तुळजापूरहून पुरणपोळ्या आणल्या होत्या. बैलानं चार खाल्ल्या आणि पाचवीसाठी माझा सदरा चाटला. आम्ही त्याला एकशिंग्या म्हणायचो. हाक मारली की तो डोकं वळवायचा, पण जड बाजू आता हलकी झाल्यानं मान जरा जास्तच वळायची आणि तो स्वतःच दचकायचा. तिघंही हसायचो. माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात चांगला पोळा, आणि बैल माझा नव्हता.

अध्यक्ष त्या दिवशी आले, बैलासोबत फोटो काढला, मोबाइलवर सगळ्यांना पाठवला आणि गेले. कुंपणाला पाटी होती, 'येथील जनावर विकले जात नाही.' ती त्यांनीच रंगवून घेतली होती.

नवरात्र आलं. पुजाऱ्यांच्या घरातल्या बाई त्या नऊ दिवसांत तुळजापूर सोडू शकत नाहीत. हे अध्यक्षांना माहीत होतं. भोक तेव्हा वाटाण्याएवढं राहिलं होतं. पाचव्या माळेच्या दुपारी टेंपो आला. पुढच्या सीटवरून अध्यक्ष उतरले. मदतनीस पाणी भरायला मागं गेलेला.

"काका, याला बाहेरगावच्या मोठ्या दवाखान्यात नेतो. जखम उशिरा भरते आहे, मशिनवर बघतील. दसऱ्यानंतर परत."

"बाईंना इचारलं?"

"त्यांच्याच सांगण्यावरून. तुमच्याशिवाय तो टेंपोत चढणार नाही, म्हणून थांबलो होतो तुमच्यासाठी."

हे शेवटचं वाक्य. त्यानं मी पाघळलो. माझ्याशिवाय चढणार नाही. बाजारात कुणी माझी एवढी स्तुती केली असती तर मी त्याचा हात सोडून उठलो असतो, कारण स्तुती करणाऱ्याला काहीतरी लपवायचं असतं. तिथं मात्र मी टेंपोला लावलेल्या फळीपाशी उभा राहून बैलाला चुचकारायला लागलो.

टेंपोवाल्यानं सीटखालून दावं काढलं. नायलॉनचं, पिवळंजर्द, अजून दुकानातली घडी न मोडलेलं. त्यानं ते बैलाच्या गळ्यात घातलं. आणि मी काय केलं? माझ्या हातांनी अंबाडीचं दावं सोडलं, दोन वेढे घेतले आणि खांद्यावर टाकलं. विचार केला नाही. हात हजार वेळा जे करत आले ते त्यांनी केलं. नवं दावं गळ्यात पडलं की जुनं काढून घ्यायचं. दवाखान्यात जाणारं जनावर आपल्याच दाव्यावर जातं, हे बाजारातल्या कुठल्याही दलालाला कळेल. माझ्या हातांना कळलं होतं की ही विक्री आहे. डोक्याला कळलं नाही. बैल चढला. डोकं वळवून बघताना त्याची मान जास्त वळली आणि तो दचकला. मी हसलो.

दसऱ्यानंतर बाई आल्या. "बैल कुठंय?"

"मोठ्या दवाखान्यात. तुमीच सांगितलं न्हवं?"

"मी? मी चिठ्ठीच दिली नाही. कुठल्या दवाखान्यात?"

मी खिळ्याला टांगून ठेवलेल्या दाव्याकडं मदतनीस बघत होता. तो एवढंच म्हणाला, "काका, दावं तर हितंच हाय."

मी खिळ्यावरचं दावं काढून खांद्यावर टाकलं.

मग अध्यक्षांच्या खोलीत गेलो. त्यांनी चहा मागवला.

"चहा ऱ्हाऊ द्या. बैल कुठंय?"

"चांगल्या ठिकाणी दिलाय. चारा कमी, जनावरं फार. व्यवहार बघावा लागतो, काका."

"यवहार मला शिकवू नका. दवाखान्यात नेतो म्हनलात."

"आणि तुम्ही दावं काढून घेतलंत." ते हसले. "तुम्ही बाजारातले. मला वाटलं, तुम्हाला समजलं आणि तुमची हरकत नाही."

मी कप उचलून भिंतीवर मारला. भिंतीवर देणगीदारांचे फोटो होते, त्यांच्यावर चहा उडाला. दुसऱ्या दिवशी फाटकावर मला सांगण्यात आलं की स्वयंसेवकांची आता गरज नाही. बाई नंतर म्हणाल्या, "कप फोडायला नको होता. आता सगळे कपाचंच बोलतायत, बैलाचं कुणी बोलत नाही." खरं आहे. माझ्या रागानं मला बाजारात कधी कधी फायदा करून दिला, तिथं मात्र त्यानं अध्यक्षांचं काम सोपं केलं. दिवाळीनंतर बाईंनीही दुसरीकडं नोकरी धरली. दवाखान्याला कुलूप लागलं.

टेंपोवाल्याला मी शोधून काढलं. तो म्हणाला, "ऊसतोडीच्या गाडीवाल्यांच्या मुकादमाला दिला. फुडचं मला म्हाईत न्हाय." म्हणजे धूळ, ऊन आणि काम. बाईंनी नको म्हणून सांगितलेलं सगळं एकदम. मी जमेल तेवढ्या कारखान्यांवर गेलो. फाटकाबाहेर उसाच्या बैलगाड्यांची रांग लागते, त्या रांगेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेलो. जन्मभर बैलाचे दात बघितले, त्या दिवसांत मी फक्त शिंगं बघत होतो. गाडीवाल्यांना वाटायचं गिऱ्हाईक आहे. "घ्यायचाय का बाबा?" सगळ्या बैलांना दोन दोन शिंगं होती.

आणि मग ती आली. ईटच्याही पलीकडच्या एका वाडीची, माझ्या वयाची बाई. एसटीनं आली होती, पिशवीत नारळ आणि घुंगरांची माळ. आसऱ्यात तिला कुणी नीट उत्तर दिलं नाही, तेव्हा मदतनिसानं माझं घर दाखवलं. मी तिला पाणी दिलं. ती म्हणाली, "रगत बघवंना हो भाऊ. आमच्या तिकडं कुनी शिंग कापंना. म्हनून बांधून गेले. शिंग ऱ्हायलं न्हाय तर न्हाय ऱ्हायलं. कामाला न्हाय न्यायचा मला. दारात हुबा असला तरी बास."

बोलता बोलता तिची नजर भिंतीवर गेली. खिळ्याला अंबाडीचं दावं, टोकाला लाल चिंधी. गाठ तिनंच मारलेली. ती उठून उभी राहिली.

"इकलात व्हय तुमी?"

मी सगळं सांगितलं. टेंपो, नायलॉनचं दावं, दवाखाना, कप. ती ऐकत होती, पण बघत होती दाव्याकडंच. दावं ज्याच्या घरात, त्यानं जनावर विकलं. तिला ते आईबापांनी शिकवलेलं, मलाही. माझ्या शंभर शब्दांपेक्षा तो खिळा खरा होता. मी दावं काढून तिच्या पुढं धरलं. "दावं घेऊन म्या काय करू?" म्हणाली आणि गेली. माळ पिशवीत वाजत गेली, कोपऱ्यापर्यंत ऐकू आली.

मी दलाली करताना लोकांच्या शिव्या खाल्ल्या आणि त्या बऱ्याचशा माझ्याच होत्या. तिची ही शिवी मात्र माझी नव्हे. एका सकाळी आठ वाजता, फिनेलच्या वासात, तीन माणसांनी मिळून एक जनावर वाचवलं होतं. माझ्या आयुष्यात मी काही विकायचा विचार न करता केलेलं ते एक काम. तेवढं एकही तुम्ही स्वच्छ राहू दिलं नाहीत.

अध्यक्षसाहेब, किती घेतलेत ते मी विचारत नाही. मला वाटा नको, माफी नको, दवाखान्याची चावीही नको. त्या वाडीत एसटी जाते. तिच्या दारात उभे राहा आणि तिच्या तोंडावर सांगा की बैल कुणी विकला, आणि आज तो कुठल्या गाडीला आहे. आहे का, तेही सांगा. दावं घेऊन मी बरोबर येतो. उत्तर तुम्ही द्यायचं.